चार मिनिटांचा थांबा

२००४ सालच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात जालना एमआयडीसीतील एका बियाणे कंपनीत लेबलांची छपाई दीड दिवस बंद राहिली. पेरणी तोंडावर होती आणि फाटकाबाहेर टेम्पो उभे होते. नवा सर्व्हर त्याच दिवशी सकाळी कामाला लागला होता. त्यात कोणताही बिघाड नव्हता. छपाई बंद केली ती संगणक विभागाच्या प्रमुखांनी. तो सर्व्हर चालू व्हावा म्हणून त्याआधी तीन आठवडे राबणारेही तेच होते.

कंपनीत त्यांना सगळे पटवारी म्हणत. ते त्यांचे आडनाव नव्हते. त्यांचे गाव कुंभार पिंपळगावच्या बाजूचे. घरची शेती होती, आणि वडील निजामाच्या अमलात गावच्या पटवाऱ्याचे दप्तर सांभाळत. त्या दप्तरातले महसुलाचे फसली साल मुलाच्या डोक्यात कायमचे बसले. फसली साल इसवी सनाच्या पाचशे नव्वद वर्षे मागे चालते आणि ऑक्टोबरच्या सुमारास बदलते. मराठवाड्यात ते बंद होऊन पन्नास वर्षे झाली होती. या माणसाने मात्र बियाण्याच्या प्रत्येक लॉटचा नंबर फसली सालाने सुरू केला. लेबलावर तारीख इंग्रजीच छापली जाई. आत, प्रोग्रॅममध्ये, फसली साल.

१९९९ च्या डिसेंबरात, सगळीकडे संगणकांत शतक बदलण्याची, वायटूकेची, धास्ती असताना, पुण्याहून एक तपासनीस आले. मी नुकताच पटवारींच्या हाताखाली नोकरीला लागलो होतो. तपासनिसांनी पडद्यावरचा लॉट नंबर पाहिला आणि विचारले, “हे झिरो नाइन म्हणजे काय?”

“साल. चौदाशे नऊ.”

“चौदाशे नऊ?”

“आमचं शतक बदलायला अजून नव्वद वर्षं हायेत साहेब. तवा या.”

तपासनिसांनी फॉर्मवर ‘लागू नाही’ असे लिहिले आणि दुपारच्या गाडीने परत गेले.

प्रोग्रॅम पटवारींनी एकट्याने लिहिला होता. तो जुन्या युनिक्सवर चालत असे. युनिक्स म्हणजे मशीनला चालवणारी मूळ यंत्रणा. त्यांनी ती आम्हाला वेगळ्या रीतीने समजावली होती. मशीन हे घर. त्यात राहणारी आणि सगळ्यांना कामाला लावणारी ती म्हातारी. आपला प्रोग्रॅम म्हातारीचे ऐकतो, मशीनचे नाही. तेव्हापासून कंपनीत सगळेच युनिक्सला म्हातारी म्हणू लागले. रखवालदारसुद्धा विचारायचा, “आज म्हातारीची तब्येत कशीये?”

सर्व्हरच्या खोलीत एसी होता. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना पटवारी आत स्वेटर घालून उभे असत. उभेच असत, कारण त्या खोलीत त्यांनी खुर्ची ठेवू दिली नव्हती. “बसलेला माणूस चूक झाल्यावर बी बसूनच राहतो,” असे त्यांचे म्हणणे. बाहेर पडताना स्वेटर दारामागच्या खिळ्याला. कोणी घाई केली की त्यांचे एकच उत्तर असे, “घाई कुणाला हाय? बियाला तर न्हाई.” मॅनेजर हे वाक्य ऐकून ऐकून इतके वैतागले होते की मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगत, “पटवारीसाहेब, बियाला घाई नाही हे मला माहीत आहे. मला आहे.”

कंपनीतले काम असे चाले. शेतातून आलेल्या बियाण्याचे लॉट पाडले जात. प्रत्येक लॉटमधून चारशे बिया मोजून घेत, शंभर-शंभर करून ओल्या कागदात गुंडाळत आणि उबदार कपाटात ठेवत. ठरावीक दिवसांनी गुंडाळ्या उघडून प्रयोगशाळेतल्या बायका उगवलेली निरोगी रोपे मोजत आणि आकडा टर्मिनलवर, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या पडद्यावर, भरत. बाजरीला शंभरात किमान पंचाहत्तर लागत. आकडा बसला की लॉट पास. पास झाला की लेबल छापले जाई. लेबल नसेल तर पिशवी फाटकाबाहेर जात नसे. कंपनीतल्या त्यांच्या सगळ्या वर्षांत कमी उगवणीचा एकही लॉट बाहेर गेलेला नव्हता. ही गोष्ट ते कधी बोलून दाखवत नसत. मला ती गयाबाईंनी सांगितली. गयाबाई प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत जुन्या. त्या गुंडाळी नुसती उजेडात धरून आकडा सांगत आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघे.

पण आकडा काठावर आला, म्हणजे पंचाहत्तर ते एकोणऐंशी, की पटवारींचा प्रोग्रॅम तो लगेच घेत नसे. पडद्यावर ‘परत मोजा’ अशी इंग्रजी अक्षरांत ओळ येई आणि टर्मिनल चार मिनिटे अडून राही. एकही कळ चालत नसे. बायका तेवढ्यात गुंडाळी पुन्हा उघडत आणि पुन्हा मोजत. चार मिनिटांनी टर्मिनल मोकळे होई आणि पहिला आकडा पुन्हा समोर येई. मोजणी बदलली असेल तर तो बदलायचा, नाहीतर एंटर दाबायचे.

हा थांबा त्यांनी घड्याळावर लावला नव्हता. त्या चार मिनिटांत मशीन एकापासून एका मोठ्या संख्येपर्यंत मोजत बसे. दुसरे काहीही करत नसे. मी नवा असताना विचारले होते की घड्याळ का नाही लावले.

“बाया मोजून राह्यल्या तवा मशीननं बसून राहायचं का?” ते म्हणाले. “त्याला बी मोजू दे.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

२००४ च्या मेमध्ये जुना सर्व्हर आठवड्यात दोनदा बंद पडला. अकरा वर्षांचे मशीन होते. डिस्कमधून खरखर ऐकू येत होती. मॅनेजरनी नव्या सर्व्हरची ऑर्डर दिली आणि सोबत नवा प्रोग्रॅम लिहून देणारी काही मंडळीही बोलावली. त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली.

“मंग पेरणी बी दिवाळीत करू,” पटवारी म्हणाले.

जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रणेवर नेता येत नव्हता. तो ज्या डेटाबेसवर उभा होता तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. उरला एकच मार्ग : घर नवे, म्हातारी तीच. नव्या सर्व्हरवर जुनी युनिक्स चढवायची. हंगामाला तीन आठवडे होते.

सर्व्हर घेऊन औरंगाबादहून विक्रेत्यांचा इंजिनिअर आला. पटवारींनी जुन्या फ्लॉप्यांचा डबा उघडला. फ्लॉप्या आलटूनपालटून घालत बरीच मजल गेल्यावर पडद्यावर ओळ आली की हार्ड डिस्क सापडत नाही. डिस्क समोर होती, दिवा लुकलुकत होता. पण डिस्क आणि यंत्रणा यांच्यामधले कार्ड म्हातारीच्या जन्मानंतरचे होते.

“काका, ही ओएस दहा वर्षं जुनी आहे. तिला हे हार्डवेअर माहीतच नाही,” इंजिनिअर म्हणाला.

“तिला जिना सापडंना. एवढंच हाय ना?”

त्यांनी हैदराबादला जुना माल विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. त्याच्याशी ते उर्दूत बोलत. सहाव्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक जुने कार्ड आणि त्याला चालणारी जुनी डिस्क आली. नव्या सर्व्हरच्या आत जुन्या मापाच्या दोनच खाचा होत्या. एकीत डिस्कचे कार्ड गेले. दुसरीत सोळा टर्मिनल जोडणारे जुने कार्ड. नेटवर्कला जागा उरली नाही. पटवारींना त्याचे काही वाटले नाही.

डिस्क सापडली, पण आता यंत्रणा सुरू होता होता कोलमडू लागली. आठ दिवस तेच चालले. पटवारी वहीत प्रत्येक प्रयत्न लिहीत. काय बदलले, किती सेकंदांनी पडली. आठव्या दिवशी त्यांनी सर्व्हरचे झाकण काढले, मेमरीच्या चार पट्ट्यांतल्या तीन उपसल्या आणि ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवल्या. दोन प्रोसेसरांतला एक बंद केला.

इंजिनिअर पाहत राहिला. “काका, नव्या गाडीची तीन चाकं काढून राह्यले तुम्ही.”

“चार खोल्यांत तिला चक्कर येते. एका खोलीत नीट राहील.”

यंत्रणा उभी राहिली. लॉगिनची ओळ आली. इंजिनिअरने खिशातून मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. त्याच्या ऑफिसात कोणी विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणाला.

पटवारींनी टेपवरून सगळा डेटा उतरवला आणि मागच्या हंगामातले वीस लॉट भरून पाहिले. वीसही बरोबर पास झाले, लेबले बरोबर छापली गेली. पूर्वी वीस मिनिटे घेणारा गोदामाचा रिपोर्ट काही सेकंदांत आला. शनिवारी मॅनेजरनी पेढे वाटले. सोमवारी सकाळी नऊ वाजता खरे काम सुरू झाले. दुपारपर्यंत शेहेचाळीस लॉट पास झाले आणि पहिले टेम्पो निघाले. इतक्या वेगाने कंपनीत कधी काम झाले नव्हते.

चार वाजता चहा आला. प्रयोगशाळेच्या दारात आम्ही पाच-सहा जण उभे होतो. गयाबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या, “पटवारीसाहेब, नव्या घरात गेल्यापासून म्हातारी लई शहाणी झाली बघा.”

“कामून?”

“आता परत मोजा म्हणतच न्हाई. आकडा टाकला की गप घेती. एकदा एंटर, दोनदा एंटर, झालं.”

बायका हसल्या. कोणीतरी म्हणाले, “सून आल्यावर सासवा सुधरतात.” पुन्हा हसणे झाले. पटवारींनी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. ते टर्मिनलकडे गेले. एक खोटा लॉट उघडला आणि सत्त्याहत्तर हा आकडा भरला. पडद्यावर काहीतरी चमकले आणि गेले. वाचायला मिळाले नाही. सत्त्याहत्तर आकडा पुन्हा समोर होता. बायकांना वाटले असणार की पडदा अडकला, म्हणून त्यांनी पुन्हा एंटर दाबले होते.

जुन्या मशीनला जे मोजायला चार मिनिटे लागत, ते नव्याने डोळ्याचे पाते लवायच्या आत मोजून टाकले होते.

पटवारी प्रिंटरपाशी गेले आणि त्यांनी बटण बंद केले. मॅनेजर धावत आले.

“काय झालं? सगळं बराबर चालून राह्यलं ना?”

“मशीन बराबर हाय. मोजणी न्हाई.”

“किती लॉटचा प्रश्न आहे?”

“काठावरचे सात.”

“मग ते सात थांबवा. बाकीचे छापा. बाहेर अकरा टेम्पो उभे आहेत, पटवारीसाहेब!”

“उद्या परत काठावरचा आला तर? मशीन परत थांबाया लागंस्तोर छपाई बंद.”

मॅनेजरनी विचारले की शनिवारी तपासले तेव्हा हे कसे दिसले नाही. पटवारी म्हणाले, “वीस लॉट मीच निवडले. सगळे नव्वदच्या वरचे. चांगले चांगले बघून घेतले.”

मोजून झालेल्या गुंडाळ्या दुसऱ्या दिवशी सकाळी फेकल्या जात. त्यामुळे सातही लॉटच्या गुंडाळ्या अजून टोपलीत होत्या. गयाबाईंनी आणि दुसऱ्या दोघींनी त्या टेबलावर मांडल्या. पटवारी बाजूला उभे राहिले. सहा लॉट बसले. सातवा बाजरीचा. सकाळचा आकडा शहात्तर. आता चार गुंडाळ्यांची सरासरी एकाहत्तर आली. गयाबाईंनी तिसऱ्यांदा मोजले. एकाहत्तर. मुळे खुरटलेली काही रोपे सकाळी निरोगी म्हणून मोजली गेली होती.

“माझीच मोजणी हाय ही,” गयाबाई म्हणाल्या. “लाइन लागली व्हती. पडदा गप घिऊन राह्यला, मला वाटलं बसला आकडा.”

“तुमची न्हाई. थांबा माझा व्हता,” पटवारी म्हणाले. “तो गेला.”

त्या लॉटच्या साठ पिशव्या दुपारी केदारखेड्याच्या एका दुकानात गेल्या होत्या. बाकीचा लॉट गोदामात होता, तो बाजूला काढला गेला. दुकानाचा फोन लागला नाही.

मंगळवारी सकाळी मी मोटरसायकल काढली. पटवारी मागे बसले, मांडीवर बदली द्यायला दुसऱ्या लॉटच्या दोन पिशव्या. राजूरच्या पुढे ते म्हणाले, “घड्याळ लावलं असतं तर हे झालं नसतं.”

दुकानदार शटर उघडत होता. अठ्ठावन्न पिशव्या थप्पीत तशाच होत्या; त्या न्यायला मागून टेम्पो येणार होता.

“परत कशापायी नेता? बी खराब हाय का?”

“खराब न्हाई. चार कमी हाय.”

“चार? शंभरात?” दुकानदार हसला. “चारासाठी जालन्याहून आले तुम्ही?”

दोन पिशव्या आदल्या संध्याकाळी एका शेतकऱ्याने नेल्या होत्या. त्याचे शेत गावाबाहेर रस्त्यालगतच होते. त्याचे वडील मेंढरे राखत. त्याने मेंढरे विकून दोन एकर घेतले होते. आम्ही पोचलो तेव्हा तो तिफण सोडून बैलांना पाणी दाखवत होता. पावसाआधी कोरड्यात पेरून ठेवण्याची त्या भागात रीत आहे, आणि पहाटेपासून त्याने एक एकर उरकले होते. दुसरी पिशवी बांधावर न फोडता पडली होती.

पटवारींनी स्वतःची ओळख सांगितली आणि बी परत मागितले.

“एक ही घ्या,” शेतकरी म्हणाला. “दुसरी जमिनीनं घेतली. तिच्याकून मागा.”

“हे दोन पाकिटं घ्या. चांगलं बी हाय. एक इथं परत पेरा.”

“पेरल्यावर परत पेरू? कामून? उगवणार न्हाई का ते?”

“उगवंल. पण जेवढं लिव्हलं तेवढं न्हाई.”

शेतकऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग माझ्याकडे. “हे साहेब नेमीच असे हायेत का?”

मी म्हणालो, “नेमीच.”

“बरं. परत पेरीत न्हाई मी. दाट झालं तर उपटत बसावं लागतं. ही एक पिशवी पल्याड पेरतो, दुसरी ठिवतो. नांग्या पडल्या तर बघू.” नांगी म्हणजे तासात, पेरणीच्या ओळीत, जिथे रोप उगवत नाही ती मोकळी जागा. पटवारींनी वहीत त्याचा गट नंबर लिहून घेतला आणि पाऊस पडल्यावर येतो म्हणून सांगितले.

“या की. पाऊस तुमच्या अगोदर आला म्हंजे मिळवली.”

त्या दुपारी ते प्रोग्रॅमपाशी उभे राहिले. मी पुन्हा सुचवले की आता घड्याळ लावू, एका ओळीचे काम आहे. मशीन बदलले तरी चार मिनिटे चारच राहतील. मोजायची संख्या वाढवून काम भागत नव्हते. त्या जुन्या यंत्रणेवरच्या प्रोग्रॅमला एका ठरावीक आकड्यापुढे सलग मोजता येत नाही आणि नवे मशीन त्या आकड्यापर्यंत क्षणात जात होते. पटवारींनी बराच वेळ विचार केला. मग त्यांनी मोजणीच्या आत दुसरी मोजणी बसवली. मशीन एकदा शेवटपर्यंत मोजेल, मग पुन्हा एकापासून, असे कित्येक वेळा. आणि त्याखाली घड्याळाचीही ओळ घातली. दोन्ही पुरे झाल्याशिवाय टर्मिनल मोकळे होणार नव्हते.

त्यांनी गयाबाईंना बोलावले आणि काठावरचा आकडा भरायला सांगितले. पडद्यावर ‘परत मोजा’ आले आणि थांबले. गयाबाईंनी गुंडाळी उघडली. पटवारी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. गयाबाईंची मोजणी संपली तेव्हा पडदा अजून अडलेलाच होता.

“जरा जास्तीच झालं,” त्या म्हणाल्या.

“राहू द्या.”

त्यानंतर त्यांनी काठावरचे वीस लॉट शोधून काढले आणि ते भरायला लावले. बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता छपाई सुरू झाली. मॅनेजर त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. शनिवारपर्यंत हंगामाचे सगळे लॉट बाहेर पडले. एकाहत्तरचा लॉट नापास म्हणून नोंदवला गेला. त्याच्या नोंदीत पटवारींनी शेरा लिहिला : साठ पिशव्या बाहेर, एकोणसाठ परत, एक जमिनीत.

पाऊस झाल्यावर नवव्या दिवशी आम्ही पुन्हा केदारखेड्याला गेलो. शेतकरी शेतातच होता. पटवारींनी चपला बांधावर काढल्या, विजार वर दुमडली आणि दोन्ही पट्ट्यांत पाच-पाच ठिकाणी दहा पावलांचे तास मोजले. बोट प्रत्येक रोपाला लावत होते. पहिल्या, एकाहत्तरच्या पिशवीच्या पट्ट्यात सरासरी बावन्न रोपे आली, दुसऱ्यात सत्तावन्न. त्यांनी दोन्ही आकडे शेतकऱ्याला सांगितले.

“मंग? उगवलं का न्हाई?” शेतकरी म्हणाला.

“उगवलं. नांग्या हायेत.”

“हायेत की. त्या भरायच्या असत्यात. ते पाकीट आणू का?”

त्याने ठेवलेली पिशवी आणली आणि फोडली. एका तासाला तो लागला, शेजारच्या तासाला पटवारी. मोकळी जागा दिसली की खुरप्याने उकरायचे, चार दाणे टाकायचे आणि माती लोटायची. दुसरे खुरपे नव्हते, म्हणून पटवारी बोटाने उकरत होते. साडेतीनला शेवटची नांगी भरून झाली.